विमानात न बसणारी उल्रिके

१४ ऑगस्ट २००५
पेइंग गेस्ट आली. उल्रिके. जर्मनीची, विद्यापीठात वर्षभर शिकणार. सामान म्हणजे पाठीवरची एक पिशवी! इथे आहे तोवर विमानात पाऊल ठेवणार नाही म्हणे — धुरानं हवा बिघडते. रेल्वे, एसटी, सायकल. सुदर्शनला अमेरिकेत फोनवर सांगितलं तर हसला. "आई, तुला तुझ्यासारखीच मिळाली. तूही इकडे यायला कुठे विमानात बसतेस?"
माझं कसलं तत्त्व? हे गेल्यापासून मला घर सोडवत नाही, एवढंच.

२९ ऑगस्ट
ह्यांची सायकल माळ्यावरून काढून तिला दिली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या कचरूनं टायर-ट्यूब बदलून दिली. ती घंटी वाजवत बिबवेवाडीचा उतार उतरली आणि क्षणभर वाटलं — हेच निघाले कामावर.
तेव्हा कारखाने सुटले की स्वारगेटला सायकलींचा नुसता पूर. रविवारी मी कॅरिअरवर, सुदर्शन पुढे दांडीवर, आणि आम्ही सारसबागेत भेळ खायला. घाम ह्यांना यायचा, दमायचो आम्ही. आता त्याच रस्त्यावर ही पोरगी परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

२० सप्टेंबर
वाण्याकडे कॅरीबॅग मागितली. म्हणाला, "तुमची पाहुणी घरून पिशवी आणते. आपण फारच सुधारलात."
खरंच की. पूर्वी कागदाच्या पुडीचा दोरासुद्धा मी गुंडाळून ठेवायची. ह्यांना त्याचं हसू यायचं.

६ नोव्हेंबर
हंपीहून आली. रेल्वे आणि एसटी. बरोबर माझा स्टीलचा डबा. चकल्या संपवल्या, डबा घासून आणला.

१९ नोव्हेंबर
सुदर्शनचा फोन. सुनेला, नम्रताला दिवस गेलेत. मे महिन्यात बाळंतपण — ये म्हणाला. घर कोण बघणार, म्हटलं. "घराला काय होतंय, आई?" मी विषय बदलला.

८ जानेवारी २००६
उल्रिकेची आजी अत्यवस्थ आहे. हिला तिनंच वाढवलंय. पोरगी जेवलीसुद्धा नाही. मी म्हटलं, विमानानं जा. तर म्हणाली, "काकू, मी शब्द दिला आहे."
"कुणाला?"
ती म्हणाली, "स्वतःला."
"मग तो मोडायला कुणाला विचारायचंय?"

९ जानेवारी
अजून तिचं ठरत नाही.

११ जानेवारी
गेली. विमानानंच, पण मुंबईपर्यंत एसटीनं! हट्टी.

१४ जानेवारी
तिचा फोन आला. पोचली तेव्हा आजी कुणालाच ओळखत नव्हती. आजी जाईपर्यंत ही तिचा हात धरून बसली. "मी लगेच निघायला हवं होतं, काकू." आधी काहीतरी खाऊन घे, म्हटलं.

१५ जानेवारी
आज सुदर्शनला मीच फोन लावला. माझं विमानाचं तिकीट काढ म्हटलं.
"आणि घर?" म्हणाला, तर घराला काय होतंय, म्हटलं.