तीन ते चारचा पहारा

मी, बुधा झिपरू वरठा, वय वर्षे एकोणसत्तर, जमातीने वारली, धर्माने ख्रिस्ती, धंदा पूर्वी कारखान्याच्या गेटवर वॉचमन व आता काही नाही, राहणार सरावली, बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, देवबापासमोर व माझ्या स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. मी दारू पीत नाही. कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. मला भीती मात्र फार वाटते. भीतीत केलेले मृत्युपत्र चालते का, असे मी पालघरच्या हर्षित वकिलांना विचारले. ते म्हणाले, "काका, भीती नसती तर माझ्याकडे कोण आले असते? लिहा बिनधास्त." म्हणून लिहितो. ह्यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. सरावलीतले माझे घर, एक खोली, स्वयंपाकघर व मागची मोरी, हे मुलगा नीलेश व मुलगी भाग्यश्री यांना निम्मे निम्मे. नीलेश वापीला असतो व वर्षातून दोनदा येतो, एकदा नाताळला आणि एकदा भांडायला. दोघांनी मध्ये भिंत घालू नये. खोली एवढी लहान आहे की भिंत घातली तर दोघांनाही उभेच राहावे लागेल.

२. बँकेत माझ्या नावे जे काही असेल ते सगळे भाग्यश्रीला. माझी पत्नी लाडकी प्रभूमध्ये निजली त्याआधी सात महिने अंथरुणाला खिळून होती. तेव्हा भाग्यश्री मनोरहून रोज येऊन तिचे सगळे करीत होती. नीलेशने ह्याबद्दल तोंड वाकडे करू नये. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही भाग्यश्रीनेच करावे.

३. माझी पाच सेलची बॅटरी आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावी. वीज गेली की पाळकसाहेब मोबाइलच्या उजेडात शास्त्र वाचतात आणि वाचता वाचता कोणाचा तरी मेसेज येतो, मग सगळी मंडळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते. शिट्टी व लाठी नीलेशला. माझा मोबाइल कोणालाही देऊ नये. तो नीलेशने मला प्रेमाने आणून दिला होता, त्यात त्याचा दोष नाही. तो दगडाने ठेचावा. मंडळीतल्या विजयाबाईंना मी काही ठेवलेले नाही, कारण त्या ह्या कागदावर साक्षीदार आहेत व साक्षीदाराला काही देता येत नाही. देता आले असते तरी दिले नसते, हे त्यांना ठाऊक आहे.

४. आमचे जुने सुपरवायझर पंढरी यांना मी क्षमा करतो. आजवर केलेली नव्हती. २००४ साली दुपारच्या पाळीत मी गेटवरच्या खुर्चीत डोळे मिटून दोन मिनिटे प्रार्थना करीत होतो. पंढरीने मागून येऊन माझी टोपी उचलली आणि "ड्यूटीवर झोपला" म्हणून मेमो दिला. मी म्हणालो, साहेब, प्रार्थना करत होतो. तो म्हणाला, "देव आमच्याकडेही आहेत, पण त्यांच्यापुढे कोणी घोरत नाही." मी घोरत नव्हतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही डुलकी काढलेली नाही, हे गेटवरचे कुत्रेसुद्धा सांगेल. त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करतो, आणि हे चार लोकांत छाती फुगवून सांगत आलो. मेमो पेटीत आहे. तो जाळावा.

५. आता जे लिहायचे आहे ते लिहितो. गेले दोन दिवस मी इथे येऊन थांबत होतो.

आमच्या मंडळीने दिवसाचे चोवीस तास चोवीस जणांत वाटून घेतले आहेत. त्याला आम्ही पहारा म्हणतो. मंडळीतली बहुतेक पोरे तारापूरच्या कारखान्यांत आहेत, कोणी रिअ‍ॅक्टरवर, कोणी बॉयलरवर, कोणी ड्रायरवर. कोण कोणत्या पाळीला आहे त्याची यादी रविवारी मिळते. आपल्या तासात गुडघ्यावर बसायचे, यादीतले एकेक नाव घ्यायचे व त्याच्यासाठी राखण मागायची. तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ, माझे झाले, आता तुम्ही जागे राहा. २०११ पासून ह्यात खंड नाही. लाडकीला माती दिली त्या दिवशीही मी माझा तास केला.

माझा तास दुपारी तीन ते चार. तीनला भोंगा होतो, पहिली पाळी सुटते, दुसरी चढते. ज्याने यंत्र चालू केले तो घरी निघतो आणि ज्याला त्यातले काही ठाऊक नाही तो येऊन समोर उभा राहतो. इजा व्हायची असेल तर ह्याच तासात. म्हणून हा तास मला दिला. सगळे म्हणाले, बुधाकाका झोपणार नाहीत.

गुरुवार, दिनांक ९ मार्च २०२३ रोजी मी तो तास केला नाही.

गुडघ्यावर बसलो होतो. यादी समोर होती. मोबाइलवर मंडळीच्या गटात कोणीतरी शेवटच्या काळाविषयी एका उपदेशकाचे भाषण पाठवले होते. म्हटले, आधी तेवढे ऐकू, मन तयार होईल. तो गळा फाडून सांगत होता, जागे व्हा, जागे व्हा. ते संपले तर त्याच्यामागे आपोआप दुसरे लागले. मग सातपाटीच्या बंदरावरचा मोठा घोळ मासा. मग कोणी एक माणूस गंजलेले कुलूप घासत होता, तेल घालत होता, किल्ली फिरवत होता. आयुष्यभर कुलपे सांभाळलेला माणूस मी. ते उघडते का, हे मला बघायचेच होते. घड्याळाकडे पाहिले तेव्हा चार वाजत होते आणि यादीतले एकही नाव मी घेतले नव्हते. मी विजयाबाईंना मिस्ड कॉल दिला. माझ्यानंतरचा तास त्यांचा. मला रोज चार-पाच मिनिटे उशीर होतो म्हणून त्या गावभर बोलतात. त्या दिवशी मी ठीक चारला दिला.

तीन पंचवीसला एका कारखान्यात रिअ‍ॅक्टरचे झाकण उघडताना भडका उडाला होता. समोर रूपेश होता. रूपेश दिनानाथ गोवारी, तेव्हा सव्वीस वर्षांचा, आमच्या मंडळीत ढोलकी वाजवणारा. यादीतले तिसरे नाव. उजवा हात, उजवा कान आणि अर्धा चेहरा गेला. आणखी दोन पावले पुढे असता तर सगळेच संपले असते, असे डॉक्टर म्हणाले.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. पट्ट्यांतून त्याचा एकच डोळा दिसत होता. तो म्हणाला, "काका, तो तुमचा टाइम होता. मला कोनीतरी मागून ओढल्यावानी झालं. दोन पावलं मागं झालो आन् तवाच भडका आला. तुमी गुडघ्यावर होता म्हनून मी हाय."

तेव्हाच सांगायला हवे होते. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "देवाची दया." पुढच्या रविवारी मंडळीने मला शाल दिली. पाळकसाहेब म्हणाले, काका, साक्ष द्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की होय, त्या वेळी मी गुडघ्यावर होतो. त्यात एक शब्द खोटा नव्हता आणि सगळेच खोटे होते. प्रार्थना करीत होतो तेव्हा मला झोपल्याचा मेमो मिळाला आणि झोपलो होतो तेव्हा शाल मिळाली. बायका रडत होत्या. मीही रडलो, आणि लोकांना वाटले आनंदाने.

पूर्वी रूपेश उपासनेला ढोलकीपुरता यायचा. आता ढोलकी वाजवता येत नाही, तरी एक रविवार चुकवत नाही. नव्या पोरांना सांगतो, आपल्यासाठी कोणीतरी जागे असते, घाबरू नका. ती पोरे माझ्याकडे बघतात. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरे असे वाटते.

त्या दिवसापासून मी रोज तास करतो. मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून ठेवतो, तर लक्ष त्या डब्याकडे. तोंड नावे घेते आणि मन पाण्याच्या टाकीवर, शेजाऱ्याच्या भांडणात, कालच्या कुठल्या तरी चित्रात. चौथ्या नावावर आहे की चौदाव्या, ते कळत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतो. मोबाइल नसतानाही मी आता तसाच झालो आहे. काय करू? डोळे उघडे ठेवून झोपणारा वॉचमन मी नोकरीत पुष्कळ पाहिला आणि त्याला शिव्या दिल्या. प्रभू कोणत्या घटकेला येईल ते कोणाला ठाऊक नाही, असे पाळकसाहेब सांगतात. मला वाटते तो येऊन गेला. दार वाजवले असेल, मी कुलूप बघत बसलो आहे हे पाहिले असेल आणि परत फिरला असेल. छातीत कळ येते तेव्हा डॉक्टर गोळी देतात. चोराच्या मनात चांदणे, त्याला गोळी काय करणार?

६. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी वडिलांची चौदा गुंठे जमीन आहे. पावसावर नागली होते, दुसरे काही नाही. ती मी रूपेशला देतो.

हे मी काल लिहिले. माझा बेत असा होता की पाचवे कलम व हे कलम माझ्या मागे भाग्यश्रीने मंडळीत वाचावे. मी कबरेत असेन, रूपेशला जमीन मिळालेली असेल, आणि कोणाला माझे तोंड बघावे लागणार नाही. पण रूपेशला मी मृत्युपत्र करतो आहे एवढे कळले तर तो आपणहून म्हणाला, "काका, सहीला मी येतो ना. तुमच्या कागदावर माजी सही नको का?" मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याला ठेवलेले बुडते. मग मी रात्रभर कूस बदलत होतो. जमीन देऊन त्याला सहीपासून लांब ठेवावे आणि मेल्यावर कबूल व्हावे, की समोर बसवून वाचून दाखवावे? मेल्यावर कबूल होणारा माणूस म्हणजे दाराखालून चिठ्ठी सरकवून पळणारा पोरगा. म्हणून असे ठरवतो. रूपेशने हे सगळे ऐकावे. ऐकून सही केली नाही तर जमीन त्याची. सही केली तर जमीन भाग्यश्रीची.

७. मला लाडकीच्या शेजारी पुरावे. ती शाल माझ्यावर घालू नये. साक्षी, भाषणे नकोत. "जागरूक सेवक" असे कोणी क्रुसावर लिहिले तर मी उठून बसेन.

८. हे कलम आज साक्षीदार समोर बसले असताना लिहितो आहे. पाच वाजता रूपेश व विजयाबाई आले. मी दार लावून घेतले आणि एक ते सात कलमे मोठ्याने वाचली. पाचव्या कलमात मी कागद खाली ठेवला. विजयाबाई म्हणाल्या, "बुधाभाऊ, पाणी प्या आणि पुढचं वाचा." त्यांनी मला थांबू दिले नाही. त्याबद्दल त्यांचे आभार मानतो.

वाचून झाल्यावर रूपेशने पाचव्या कलमाचे पान आपल्याकडे ओढून पाहिले. मग म्हणाला, "म्हंजे त्या दिशी माजं नाव कोनीच नाय घेतलं?"

मी म्हणालो, नाही.

"मंग मला मागून ओढलं कोनी?"

मला ठाऊक नाही, असे मी म्हणालो. खरेच ठाऊक नाही. हे म्हणताना माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच्याही हातावर, त्या चांगल्या हातावर, आलेला मी पाहिला. विजयाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

मी त्याला जमिनीची आठवण करून दिली. तो म्हणाला, "ती जमीन घाला चुलीत," आणि डाव्या हाताने पेन मागितले. मग पेन परत माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "आदी मी सांगतो ते लिवा. मंग सही." तो सांगतो तसे, त्याच्याच शब्दांत लिहितो:

"उद्यापासून तीन ते चार मी काकाच्या समोर बसनार. मोबाइल माज्या खिशात ऱ्हानार. काकानं येकेक नाव मोठ्यानं घ्यायचं. मला डाव्याच कानानं ऐकू येतं, म्हनून मोठ्यानं. मधी चुकलं तर मी परत घ्यायला लावीन. माजा काकावर भरवसा नाय."

मी विचारले, रविवारी उपासनेला येशील ना? त्याने "लिवलं का?" एवढेच विचारले. लिहिले आहे. सही वाकडी आली तर ती माझीच समजावी. रविवारचे त्याने काही सांगितलेले नाही. उद्या तीनचे सांगितले आहे.

वरील सर्व मी वाचून, ऐकवून, शुद्धीवर असताना व दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे.

ठिकाण: सरावली, बोईसर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: बुधा झिपरू वरठा

साक्षीदार:

१. विजया शांताराम सावे, निवृत्त बालवाडी शिक्षिका, पहारा चार ते पाच. (सही)

२. रूपेश दिनानाथ गोवारी. सगळं ऐकलं. (सही, डाव्या हाताने)