अंगठ्याखालचा आवाज

तासगाव, बुधवार, चैत्र १९७६

वामकुक्षी हा संस्कृत शिकलेल्या माणसाचा शास्त्रसिद्ध अधिकार आहे. तरीही शेजारच्या सिदूने आपला कर्णा नेमका माझ्या खिडकीकडे तोंड करून बांधला. निषेध नोंदवायला गेलो, तर कर्ण्यातून त्याच्या भावाचा, म्हाकूचा आवाज. म्हाकूला जाऊन वर्ष झालं. निषेध बाजूला ठेवून त्याच्या ओट्यावर टेकलो.

दोघांनी जन्मभर धनगरी ओव्या गायल्या. सिदूने ओळ टाकायची, म्हाकूने ती मागून तशीच उचलून झेलायची. लग्नकार्यात कर्णे लावणारा सिदू. म्हाकूच्या तोंडाशी माइक धरून त्याची झेल त्यानेच कधीतरी टेप केलेली. आज ढोल मांडीवर, टेपरेकॉर्डर पायाशी. ओळ गायली की सिदू पायाच्या अंगठ्याने बटण दाबी, आणि म्हाकू झेली. मधेच सिदूला एक नवी ओळ सुचली. म्हाकूने जुनीच झेलली.

"जिता व्हता तवा तरी कवा ऐकायचा माझं!" सिदू हसला. मग अंगठा बटणावर तसाच ठेवून म्हणाला, "आवं शास्त्रीबुवा, जत्रंत देवाम्होरं असं गायलं तर चालंल का?"

"शास्त्रात टेपरेकॉर्डरचा उल्लेख नाही," असं म्हणून वेळ मारून नेली. पण चालेल का? चालेलही. का न चालावं? काहीच कळत नाही. तो अंगठा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

सिदूने ती नवी ओळ पुन्हा गायली नाही. खरं सांगायचं तर देवाची मला काळजी नाही. म्हाकूला येतात तेवढ्याच ओळी आता सिदू गाईल, याची भीती वाटते.