कोपराने उघडणारं दार

रवि., १३ ऑक्टोबर
काल दसऱ्याला नव्या घराच्या उंबऱ्याला तोरण बांधून आले. आत अजून सिमेंटचाच वास. खोल्यांची दारं मात्र बसली. भानुदास सुतार म्हणाला, "वैनी, हँडलं तेवढी आना, म्हंजी मी मोकळा."
फरशी ह्यांनी ठरवली, रंग निखिलने. किचनचा ओटासुद्धा बाप-लेकांनीच ठरवला, मी नुसती हो म्हणत गेले. हँडलांचं आलं तेव्हा हे म्हणाले, "हे तू बघ. तुझी पसंती." फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून हे जरा मवाळ झालेत.
भाड्याच्या जागेत निम्मा जन्म गेला. दोन खोल्या, मध्ये पडदा. दाराला मूठ कशी हवी हा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

मंगळ., १५ ऑक्टोबर
केडगावहून रिक्षाने नगरला, हँडलांच्या दुकानात. ऋतुजालाही बोलावलं होतं. आता निखिलशी साखरपुडा झालाय, घर तिचंही. बँक सुटल्यावर सावेडीवरून स्कूटीने आली बिचारी.
शेठने काउंटरवर मांडामांड केली. गोल मुठी, लांब दांड्या, सोनेरी, काळ्या. एक तर नागाच्या फण्यासारखी, तिला नमस्कारच केला. मी हात पुढे धरून कोपराने एकेक दाबून बघायला लागले. शेठ म्हणाला, "मावशी, हाताने बघा की." आता त्याला काय सांगू. दिवेलागणीला माझ्या एका हातात धुपाटणं, दुसऱ्या हातात घंटी. घरभर धूप फिरवायचा, तर दार उघडणार कशाने? गोल मूठ कोपराने फिरत नाही. लांब दांडी दाबली की दार उघडतं. लांब दांडीच घेतली.
ऋतुजा हळूच म्हणाली, "आई, बेडरूमला आतून लॉक होणारं घेऊ या का?" तोच नमुना, पण लॉकचा महाग. आणि मला ते पटलंही नाही. मी म्हटलं, "घरातल्या घरात कड्या लावायला आपण काय लॉजवर राहतो?" शेठ हसला. त्याचा माणूसही हसला. ऋतुजा कानातल्याशी चाळा करत उभी राहिली.
बिनलॉकची घेतली. वाचलेल्यात देवघराला पितळी समई बसते.

शुक्र., १८ ऑक्टोबर
हँडलं बसली. छान दिसतात. भानुदास: "वैनी, पोराचं लगीन हाय फुडं. त्याच्या खोलीला आतनं एक खिट्टी टाकतो. लई काम न्हाई."
"नको."
"आवो, माज्याकडची टाकतो. पैशे नगा देऊ."
"पैशाचं नाही रे. दिवेलागणीला दार आतून बंद नसावं. लक्ष्मी यायची वेळ."
"लक्ष्मी काय बेडरूममधी येती व्हय?" म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. वात्रट माणूस. चहा मात्र दोनदा घेतला.

गुरु., ५ डिसेंबर
वास्तुशांत झाली, राहायला आलो. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. संध्याकाळी गोवरीचा तुकडा गॅसवर फुलवला, ऊद टाकला, आणि प्रत्येक खोलीत गेले. कोपर लावला की दार उघडतंय. कुठे थांबायला नको, कुणाला हाक मारायला नको. डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं ह्यांना सांगितलं.

शुक्र., २१ फेब्रु.
लग्न, पूजा, जागरण-गोंधळ सगळं पार पडलं. पाहुणे गेले. मोहट्याला जाऊन देवीची ओटी भरली.
ऋतुजा गुणाची आहे. सकाळी स्वतःचा डबा करते, माझ्या भाजीला नावं ठेवत नाही. उष्टं-खरकटं तिला कळतं. बोलते कमी. संध्याकाळी बँकेतून आली की थेट खोलीत. हे म्हणतात, दमते, राहू दे.

सोम., ३ मार्च
आज नको ते झालं.
दिवेलागणीला धूप घेऊन निखिलच्या खोलीचं दार कोपराने उघडलं. ऋतुजा नुकतीच आलेली, कपडे बदलत होती. "आई!" म्हणून एकदम पलंगाच्या पलीकडे खाली बसली. मी लगेच मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही. धूप अर्ध्यात सोडू नये हेच डोक्यात. मान खाली घातली, चारही कोपऱ्यांना धूप दाखवला, घंटी वाजवली आणि मग बाहेर आले. ती तोवर तशीच खाली बसून.
मी तर बघितलंच नाही, मग काय झालं, असं मी स्वतःला सांगितलं.
जेवताना ती वर बघेना. तिला पोळी वाढली तर ताटावर हात आडवा धरला.

मंगळ., ४ मार्च
निखिल सकाळी ओट्यापाशी येऊन उभा. "आई, खोलीला आतून खिट्टी बसवून घेतो."
"का? मी चोर आहे का?"
"तसं नाही गं."
"मग कसं? तुझ्या जन्मापासून पडद्याआड राहिलो आपण. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही."
"आई, ती कालपासून रडतेय."
मी तशीच कणीक मळत राहिले. दोन दिवस त्याच्याशी नीट बोलायचं नाही असंही ठरवलं. तो गप ऑफिसला गेला. खिट्टीचा विषय तिथेच राहिला.
(हे नंतर लिहिते: "बसव" हा एक शब्द तेव्हा तोंडातून निघाला असता तर.)

शनि., ८ मार्च
उजवा पाय भाजला. फोड आलाय.
संध्याकाळी त्याच दाराला कोपर लावला. दांडी खाली गेली, पण दार हलेना. मला वाटलं, दार फुगलंय. खांद्याने रेटलं. आतून काहीतरी घसरलं, दार एकदम उघडलं आणि धुपाटणं हातातून सुटलं. निखारे पायावर, पायपुसण्यावर. दारामागे ऋतुजाची मोठी बॅग. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली.
ती धावत आली. आधी पायावर पाणी ओतलं, मग निखारे विझवले. बाथरूममधून टब आणला, माझा पाय त्यात धरून बसली. "आई सॉरी, आई सॉरी" चाललेलं. हेही आले. तेव्हा मला कळलं. मंगळवारपासून पोर रोज संध्याकाळी दारामागे बॅग लावत होती. मधले दिवस मी निखिलवर रुसले होते, धूप बाहेरूनच फिरवला, म्हणून कळलं नाही.
तिचा हात माझ्या पायावर होता, आणि मी म्हणाले, "माझ्याच घरात मला अडसर घालायचा?"
हे म्हणाले, "अगं, गप."
तिने पाय पुसला, मलम लावलं आणि खोलीत गेली. दार नुसतं लोटलेलं राहिलं. लावायला काही नव्हतंच.

सोम., १० मार्च
एकादशी. उपवास.
काल ह्यांनी विचारलं, "तुझ्या सासूने तुला पहिल्या वर्षी कुठे झोपवलं होतं?" म्हटलं, गावाकडे, स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांत. "मग तू माझ्याशी कधी बोलायचीस?" विहिरीवर. धुणं न्यायच्या निमित्ताने. हे हसले. "आणि कुणी आलं की पळायचीस. मला राग यायचा सगळ्यांचा." मला आठवत नव्हतं ह्यांना राग यायचा ते. ह्यांनी सांगितलंच नव्हतं कधी.
मग पेपर वाचत बसले. पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, म्हणून बरं झालं.

बुध., १२ मार्च
उद्या होळी. पहिला सण म्हणून ऋतुजाचा भाऊ न्यायला आला. माहेर राजूरला. मी ओटी भरली, पुरणाची डाळ बांधून दिली. "लवकर ये" म्हटलं. "हो आई." बँकेत रजा टाकलीय म्हणे, किती दिवसांची ते सांगितलं नाही. बॅग तीच.
निखिल तिला गाडीपर्यंत सोडून आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. मी चहा नेला. म्हणाला, "आई, सावेडीला एक फ्लॅट बघितलाय. भाड्याने. पाडव्यापर्यंत मालकाला हो-नाही सांगायचंय."
"आणि हे घर?"
"घर कुठे जातंय? येत जाऊ."
येत जाऊ. पाहुण्यांसारखं. जास्तीची खोली ह्याच्यासाठी काढायची म्हणून ह्यांनी फंडाचा पैसा मोडला. पण ते बोलून दाखवलं नाही. एवढं शहाणपण आज राहिलं.

शनि., १५ मार्च
त्याच दुकानात गेले. पायाला पट्टी, चप्पल घालवत नव्हती, तशीच फरपटत. शेठला म्हटलं, बेडरूमच्या दाराला आतून लावायची खिट्टी द्या. त्याने ओळखलं. "मावशी, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना..."
"म्हणाले होते. द्या आता."
त्याने पितळी, स्टीलची, दोन्ही काढल्या. सुनेला कुठली आवडेल ते मला सांगता येईना. तिला काय आवडतं हे मी कधी विचारलंच नाही. सोनेरी घेतली. मग रिक्षात बसल्यावर आठवलं, तिचं घड्याळ, कानातलं, सगळं चांदीच्या रंगाचं. परत जाऊन बदलून आणली. रिक्षावाला करवादला.

सोम., १७ मार्च
भानुदास आला. "आता बसवायची व्हय? म्या तवाच म्हन्लं हुतं."
"बसव मुकाट्याने."
"लक्ष्मीचं काय मग?"
"भानुदास, लक्ष्मी माहेरी गेलीय."
मला हसण्यावारी न्यायचं होतं. तो हसला नाही. खाली मान घालून ड्रिल चालवायला लागला. काम व्हायला चहा उकळायचा वेळसुद्धा लागला नाही. एवढंच होतं सगळं.
तो गेल्यावर भुसा झाडायला खोलीत गेले. झाडून झालं, तेव्हा खिट्टी नीट सरकते का बघावी म्हणून आतून लावली. आणि तशीच पलंगाच्या कडेला बसले. घरात हेच, तेही बाहेर झाडांना पाणी घालत होते. तरी काहीतरी वेगळं वाटलं. आता कुणी येणार नाही. पदर खांद्यावरून काढून ठेवला. पाय पसरले, पट्टी सोडून फोड बघितला. मग उगीचच थोडं रडले, का ते माहीत नाही. लग्नापासून आजवर रडायलासुद्धा मी मोरीत जात आले, नळ सोडून.
हे हाक मारत होते, "अगं, कुठे आहेस?" उत्तर दिलं नाही. द्यायला नको होतं ह्याचंच बरं वाटत होतं.

मंगळ., १८ मार्च
ऋतुजाला सांगायचं. फोन हातात घेते आणि ठेवते. निखिलला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "तू सांग. माझ्याशी नाही ती भांडलेली."
"माझ्याशी तरी कुठे भांडली?"
"तेच ना आई."

शनि., २२ मार्च
लावला फोन. मागे कोंबड्यांचा आवाज, तिच्या आईचं कुणाला तरी ओरडणं. तिने आधी माझ्या पायाचंच विचारलं. म्हटलं, खपली धरली. ती म्हणाली, "खाज आली तर खाजवू नका हं." 
मी म्हटलं, "खोलीला खिट्टी बसवलीय. आतून."
कोंबड्यांचा आवाज लांब गेला.
"निखिलने सांगितलं का तसं करायला?"
"नाही. मीच."
"बरं."
आणखी पुष्कळ बोलायचं होतं. त्या दिवशी मी मागे का फिरले नाही ते. पाय धरून बसलीस तेव्हा मी तसं बोलायला नको होतं ते. दुकानातलं लॉजचं. ह्यातलं काहीच जमलं नाही. म्हणाले, "डाळ पुरली का?" म्हणाली, "पुरली." फोन ठेवला. ज्याच्यासाठी लावला तेच राहून गेलं. माफी मागायला इतकी वर्षं कधी लागलीच नाही, सवय कुठली.

बुध., २६ मार्च
कालच्या एकादशीचा उपवास सोडला.  धूप रोज फिरवते, पण त्या खोलीत नाही. दाराबाहेरूनच. देवाला काय वाटत असेल? वाटलं तर वाटो, त्याला भिंतीपलीकडचं दिसत असणार.

रवि., ३० मार्च. पाडवा
गुढी उभारली. निखिल काल राजूरला गेला होता. आज सकाळी दोघं आली. ती गुढीच्या पाया पडली, मग आमच्या. माझा पाय निरखून बघितला, "डाग राहणार बहुतेक" म्हणाली. राहू दे म्हटलं.
श्रीखंड-पुरी झाली. जेवल्यावर ती साडी बदलायला खोलीत गेली. मी ओट्यापाशी. खिट्टी सरकल्याचा आवाज आला. मनाला लागलंच, खोटं का लिहू. आपण घेतलेल्या खिट्टीचाच आवाज, तरी लागलं. भांड्यांवर जोरात पाणी सोडलं.
बाहेर आली ती ड्रेस घालून, केस सोडून. ओट्याशी आली. मी हात पुसले आणि एका दमात म्हटलं, "ऋतुजा, माझं चुकलं. त्या दिवशी मी लगेच बाहेर जायला पाहिजे होतं." तिने ओल्या वाट्या उचलून फडक्यावर पालथ्या घालायला घेतल्या. सगळ्या घालून झाल्यावर म्हणाली, "मला खूप लाज वाटली होती, आई." बस एवढंच. चूक माफ आहे असं म्हणाली नाही. म्हणावं तरी का.
चारला दोघं सावेडीला गेली, फ्लॅटच्या मालकाने बोलावलं होतं. जाताना म्हणाली, "फक्त बघून येतो." निखिल तोवर चपला घालून बाहेर उभा.
गुढी उतरवली. हे गाठीतली साखर चघळत बसले होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निखिलचा. हे ऐकत होते, "हं... हं... बरं." ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांबा, आत्ता सांगू नका. आधी दिवा लावते.