शेवटचा शेंडा

४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी पाठवलेला दुसरा शेंडाही तुमच्या बाटलीत कुजल्याचं कळलं. यांनी कड्यावरून आणलेली ही तापावरची कडू मुळी. तो उतार दरडीबरोबर गेला आणि एवढं एकच रोप उरलं. तुमच्यासारख्या प्रयोगशाळेत एका शेंड्यातून शेकडो रोपं करता येतात, हे मी वाचनालयातल्या पुस्तकात दोनदा वाचलं. पण आता कुंडीत एकच शेंडा आहे, बुंधाही काळा पडत चाललाय. तो कापून बुरशीच्या तोंडी द्यायला हात होत नाही. तुम्ही लहानपणी मांजरीच्या मिशा कापल्या होत्या, ते हे शेवटपर्यंत सांगायचे.

तब्येतीला जपा. लोभ आहे, तो असाच राहू द्या.

तुमची वहिनी

११ मार्च

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

मिशा पुन्हा आल्या, हे दादाने सांगितलं नसणार.

चेष्टा पुरे. आमच्या साहेबांनी हवा, बाटल्या, माझे हात, सगळं तपासलं. बुरशी रोपाबरोबरच येतेय. तू अजून दादासारखी रोपाला वरून पाणी घालून पानं धुतेस ना? ते पाणी शेंड्याच्या पोटात साचतं, बुरशी तिथेच दडते आणि आम्ही औषधात धुतलं तरी निघत नाही. आता पाणी फक्त बुडाशी, तेही बेताचं. नवी पानं कोरड्यातच वाढू देत, मग काप. मात्र फार थांबू नकोस, बुंधा थांबणार नाही. रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद

२ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हो, धूत होते. पानं धुताना यांच्याशी चार शब्द बोलून व्हायचे. आता बुडाशी पाणी घालते आणि मुकाट्याने आत येते.

बुंधा आणखी काळा झालाय. वाट बघितली तर रोपही जाईल आणि शेंडाही, म्हणून आज कापला. शेजारीण तिकडे येतेय, तिच्या हाती कोरड्या डबीत देतेय. बरं-वाईट जे असेल ते लगेच कळवा. मला सांभाळून लिहू नका.

लोभ ठेवा.

वहिनी

२४ एप्रिल

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

शेंडा स्वच्छ राहिला. बाटलीत बुडाशी नवे फुटवे आलेत. साहेब म्हणतात, इतक्यात नाचू नका. मी तरी कळवतेय. फुटवे सुटे करून नव्या बाटल्यांत लावीन. मुळं धरली, बाहेरची हवा सोसली, की पहिलं रोप तुझ्या कुंडीत.

आता तरी नीट जेव. माझ्यावरची माया राहू दे.

तुझी नणंद

५ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. कुंडीतलं रोप त्याआधीच गेलं होतं. तुमचा जीव बाटलीत अडकलेला, म्हणून कळवलं नाही.

पहिलं रोप मला पाठवू नका. मी त्याची पानं धुईन. नाही म्हणता म्हणता एखाद्या सकाळी धुईनच. ते वर, कड्याच्या शाबूत बाजूला लावा. मी बघायला येईन, हात मागे बांधून.

लोभ आहेच, तुमच्या दादाच्या वाट्याचाही आता मलाच द्या.

तुमची वहिनी