रिकामा टेम्पो परत आणायचा नाही

अंधेरी (पूर्व), मंगळवार

तीर्थस्वरूप चंपामावशीस नितेशचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याएवढी जागा खोलीत नाही, उभ्यानेच मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला आणि काळ्या गायीचा स्वभाव सुधारला का? मी इथे मजेत आहे. का, ते ऐक.

पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीत मला तीन महिन्यांसाठी 'हरित वाहतूक नियोजक' म्हणून घेतलं होतं ना? (झाडं लावायची नाहीत गं, गाड्यांचा धूर आणि फुकटच्या फेऱ्या कमी करायच्या.) जमलं तर कायम, नाहीतर घरी. आमचे विद्याधरसर म्हणाले, टेम्पो मढला पार्सलं टाकून रिकामा परत येतो, हे पाप आहे. मी छातीठोकपणे म्हटलं, सर, यापुढे तो रिकामा परतला तर नाव बदलेन! मढच्या कोळीवाड्यातल्या पर्पेच्युआबाईंना सुके बोंबील अंधेरीच्या बाजारात पाठवायला गाडी हवीच होती. झालं. जाताना पार्सलं, येताना बोंबील, टेम्पो विजेवरचा, ना धूर ना आवाज. माझ्या तक्त्यात रिकाम्या फेऱ्या शून्य. स्वतःच स्वतःला कटिंग चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो घाटकोपरला निघाला. सर म्हणाले, जातोच आहे तर आमच्या तिथल्या घरी नव्या गाद्याही टाका. आता कापूस आणि वास यांचं सख्य तुला मी काय सांगू? तू तर अंथरुणं आणि खारं कधी एका खोलीत ठेवू दिलं नाहीस. मलाही ते आठवलं, पण टेम्पो गेल्यावर! आमचा ड्रायव्हर निलेश फोनवर म्हणाला, "वाट लागली रे, मागे मांजरं लागलीत." गाडीला आवाजच नाही, तर मांजरं घाबरतील कशाला? (हे ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.) मी मेट्रोने धावत पोचलो, तेव्हा सरांच्या दारात सात मांजरं, नाकाला रुमाल लावलेल्या बाईसाहेब आणि गादी हुंगून बघणारे सर. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी मनात राजीनामा लिहायला घेतला.

तेवढ्यात सरांचे वडील काठी टेकत बाहेर आले. मूळचे वेंगुर्ल्याचे, ऐंशीच्या पुढचे, महिनाभर पेजेपलीकडे काही घेत नव्हते. गादीवर बसले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "कोण रे तो? बोंबील हाडलंस मा? मगे भात वाढा!" पर्पेच्युआबाईंनी निलेशला घरी न्यायला दिलेले चार बोंबील गाडीतच होते. बाईसाहेबांनी रुमाल खाली ठेवून स्वतः भाजले. आजोबांनी दोनदा भात मागून घेतला. मावशी, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. काल मी कायम झालो.

तुझा नितेश

ता. क. गाद्या सरांनी मलाच बक्षीस दिल्या. त्यांच्यावरच बसून हे लिहितोय. सातांपैकी एक मांजरही राहायला आलंय.

ता. क. दुसरा. आजोबांना आता दर रविवारी बोंबील लागतात. रविवारी मढचं एकही पार्सल नसतं, म्हणून टेम्पो पाव किलो बोंबलांसाठी मढला रिकामा जातो. परतताना मात्र रिकामा नसतो, त्यामुळे माझं नाव अजून नितेशच आहे.

ता. क. शेवटचा. ही फेरी तूच वाचवू शकतेस. मामाच्या श्रुतिकाच्या साखरपुड्याला इथे येशील तेव्हा पाच किलो सुके बांगडे आण, आजोबा नाही म्हणायचे नाहीत. (साड्यांच्या बॅगेत नको!) आणि जाताना एक गादी आणि हे मांजर घेऊन जा. रिकामं परतायचं नाही, हा आमच्या कंपनीचा नियम आहे.