छातीतलं पित्त

बुबुश, तुला, तुझ्या मेंढ्यांना आणि तुझ्या घोरणाऱ्या नवऱ्याला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी सांगतेय, नात बुरुल लिहितेय.

राजधानीत मी मजेत आहे. इस्पितळातला रस्सा आळणी असतो, पण गरम मिळतो. घोडी दूध देते ना?

काल डॉक्टर म्हणाला, "आजी, कर्करोगाचं नवं सरकारी धोरण आलंय. निदान आधी पेशंटलाच सांगायचं." तोच आपला कुबात मध्ये पडला, "डॉक्टर, मला सांगा! आई, तू जरा चहा घेऊन ये." परतले तर पोराचे डोळे लाल. म्हणे, "काही नाही, पित्ताची पिशवी सुजलीय."

माझी गाठ तर छातीत आहे. पित्ताची पिशवी छातीत कधीपासून राहायला लागली गं?

मी आपलं "बरं" म्हटलं. तेव्हापासून सूनबाई माझ्याशी भांडत नाही. यावरून काय ते समज.

तुझ्याही छातीत गाठ आहे, न्हाणीघरात पाहिलीय मी. या धोरणातली तपासणीची गाडी थंडीआधी गावात येणार आहे. कुरणावर पळून जाऊ नकोस. गाडीत चढ, आणि डॉक्टर सांगेल ते स्वतःच्या कानांनी ऐक.

मी तोवर आले तर हाताला धरून नेईन. नाही आले तरी जा.

तुझी थोरली,
उलकान