सुनेच्या नावापुढं ‘न्हाई’

८ डिसें., सोम.
दुखण्याच्या पाहणीचं काम लागलं. न्हावऱ्यात घरोघर जायचं, यादीत ज्याचं नाव त्यालाच इचारायचं, तीन महिन्याच्या वर अंगात काही दुखतंय का. व्हय का न्हाई, खूण करायची. किती माणसं दुखणाईत हाईत ते मोजत्यात म्हणं. मोजून काय थांबतंय? चौदा घरं केली. व्हय एकच. पाय मोडलेला म्हातारा.

१० डिसें.
वीस घरं. झपझप. नाव सुनेचं असलं की सासूच दारातनं सांगती. “तिला काय धाड भरलीय? म्हशीवाणी हाय.” लिवलं, ‘न्हाई’. सून मागं भांडी घासत व्हती, वर बघितलं न्हाई. बरंच झालं. एकेकीला बोलतं करत बसले तर दिवस पुरायचा न्हाई.

११ डिसें.
यादीत आमचंच घर निघालं. सुनेचं, सुनंदाचं नाव. घरच्याचा फॉर्म आपण भरायचा न्हाई, असं बजावलंवतं. पर कुणाला कळतंय. भरला. ‘न्हाई’ अशी खूण केली. ती गोठ्यात शेण काढत व्हती, हाकबी मारली न्हाई.
पोरगी झाल्यापास्नं कंबर धरती तिची. सहा वर्सं. तवा एकदा म्हणाली, “आत्या, उठवत न्हाई वो.” म्हणलं, मला चार झाली, सव्वा महिना सरायच्या आत खुरपायला गेले. नाटकं बास. परत कवा बोलली न्हाई.

१२ डिसें.
शिरूरला सायबानं फॉर्म चाळले. “मावशी, तुमच्या गावात बायकांचं काहीच दुखत नाही?”
“आमच्या बाया कामाच्या हाईत.”
पाहणीवाल्या बाकीच्या बाया हसल्या. सायेब न्हाई. काही घरं दुसरी बाई पाठवून परत इचारणार म्हणं.
जिना उतरताना गुडघ्यात कळ आली. कठडा धरून उतरले. कुणी बघितलं न्हाई.

१४ डिसें., रवि.
दौंडची कमल आली परत इचारायला. नेमकी आमच्याकडं. मला म्हणती, “मावशी, तुम्ही जरा भाईर बसा.” माझ्या घरात मला! बसले पायरीवर. दार लोटलं, पर ऐकू येतं.
“कवापासनं?”
“सहा वर्सं.”
“घरात सांगितलं का?”
“सांगितलंवतं. एकदा.”
मग दार उघडलं, मी गुडघा धरून उठले.
निघताना कमल म्हणाली, “२२ ला सुनंदाताईंना दौंडला तपासायला आणा. डॉक्टर त्याच दिवशी हाईत. आन् मावशी, तुमचा गुडघा?”
“माझं नाव यादीत हाय का?”
“न्हाई.”
“मग लाग वाटंला.”

२१ डिसें., रवि.
आठवडा झाला, सुनंदा कामापुरतंच बोलती. आज दोरीवर तिची हिरवी साडी वाळत घातलीय. लग्नाकार्याला नेसती ती. मला काही इचारलं न्हाई.
उद्या २२. कांद्याची लागण. सात बाया सांगून ठेवल्यात. आठवी तिला धरलीय.